हिरामावशीचा हात

परवा दुकानासमोरच्या चहावाल्याच्या हातून स्टीलचं ताट फरशीवर पडलं आणि माझी कात्री जागच्या जागी थांबली. समोर बसलेली गिऱ्हाईकबाई म्हणाली, "अहो, कापड माझं महागाचं, आणि दचकताय तुम्ही?" मी हसून वेळ मारून नेली आणि पुढे कापायला लागले. पण कान काही केल्या दुकानात परत येईनात. ते ताट गरगरत गरगरत शांत झालं तरी मी वाट बघत होते, की आता पुढचे ठोके पडतील. दोन जोडून, मग एक सुटा, मग गप्प. ते पडले नाहीत. कसे पडणार? ते ठोके देणारी बाई गेली, त्याला अजून वर्षही झालं नाही.

हिरामावशी तिचं नाव. डहाणूहून वरोरकडे जाताना एका खाडीच्या तोंडाशी आमची मच्छीमारांची वाडी आहे. रिक्षातून बघाल तर सुरूची झाडं, बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांड्या आणि अलीकडे उगवलेल्या होमस्टेच्या पाट्या, एवढंच दिसेल. पण बोटीतून बघाल तर वेगळं दिसतं. खाडीच्या एका अंगाला सुरूचं बन, आणि त्याला धरून बोट आत यायला मोकळी वाट. दुसऱ्या अंगाला खडप, म्हणजे काळ्या खडकांचा पसारा, भरतीला पाण्याखाली दडणारा. ऊन असेल तर नवशिकाही बोट आत आणेल. पण थंडीत कधीकधी असं धुकं धरतं की शेजारी बसलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही, मग बन कुठलं आणि खडप कुठलं! म्हणून धुक्याच्या सकाळी सुरूच्या बनात उभं राहून पितळेची परात वाजवायची, आणि बोटवाल्यांनी इंजिन बंद करून कान द्यायचा, मग आवाजाच्या रोखाने आत शिरायचं, अशी आमच्या वाडीची रीत. आणि ही परात माझ्या जन्माच्या आधीपासून हिरामावशीच्या हातात.

आमचं घर मात्र दुसऱ्या अंगाला होतं, खडपाला लागून, वाडीच्या अगदी टोकाला. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

मावशी ठेंगणी होती, काटक होती आणि तोंडाने फटकळ होती. लुगडं गुडघ्यापर्यंत, वर कोणा खलाशाने दिलेला पुरुषी स्वेटर, आणि थंडी असो नसो डोक्याला माकडटोपी. त्या टोपीला कानांच्या जागी तिने स्वतः कात्रीने भोकं पाडली होती. मी शिवणकाम शिकले तेव्हा म्हटलं, "मावशी, दे इकडे, नीट काजं करून देते. सगळी उसवत चाललीय." तर म्हणाली, "उसवू दे. टोपी थंडीसाठी आहे, कान माझ्यासाठी आहेत." आणि टोपी काही दिली नाही.

तिचं वाजवणं ऐकायला हवं होतं. सुरूच्या लाकडाचा दांडका, गुळगुळीत झालेला. दोन ठोके जोडून, मग एक सुटा, आणि मग ती थांबायची. मान किंचित वाकडी करून, डोळे मिटून ऐकायची. मग परत तेच. आमच्या लेखी ती वाजवणारी बाई होती, पण ती स्वतःला ऐकणारी समजायची. "बडवायला काय, कोणीही बडवेल. थांबून ऐकणं येतं का?" हे तिचं ठरलेलं बोलणं, आणि ते ती कुठेही लावायची. नळावर भांडणाऱ्या सासूसुनांना लावायची. मत मागायला आलेल्या पुढाऱ्याला तोंडावर लावलं तेव्हा मी शेजारी उभी होते, मला कुठे तोंड लपवू असं झालं. तो बिचारा पाणी पिऊन निघून गेला.

वाडीतला प्रत्येक बोटवाला तिचा हात ओळखायचा. एखाद दिवशी दुसरी कोणी वाजवायला उभी राहिली तर बोटीवर लगेच कळायचं, "आज हिरा नाही." हात म्हणजे काय, ते सांगता येत नाही. शिलाई बघून मी सांगते ना, हे अमक्या बाईने शिवलंय, तसंच ते असणार.

आणि मावशीचं दुसरं काम होतं सुईणीचं. तेव्हा दवाखाना लांब, रस्ता असा तसा. वाडीतली माझ्या वयाची सगळी पोरं तिच्याच हातावर आली. तिला पोटचं काही नव्हतं. नवरा होता, भिकाकाका. फोटोत बघितलाय तेवढाच. गालात तंबाखू धरून हसतोय.

मी जन्मले त्या दिवशी धुकं होतं. आईला पहाटे कळा सुरू झाल्या आणि बाबा मावशीला बोलवायला धावले. भिकाकाकाची बोट समुद्रावरच होती, पाणी भरत आलं की येणार. मावशीने परात आणि दांडका आपल्या जावेच्या हातात दिला, तिला बनात उभं केलं आणि आमच्या घरी आली. सकाळी मी झाले. झाले, पण रडेना. निळी पडले होते म्हणे. उलटं धरून झालं, पाठ चोळून झाली, पाणी शिंपडून झालं. मग मावशीने आईचं काशाचं ताट घेतलं, पळी घेतली आणि माझ्या कानाशी ताट वाजवलं. पोर जागं व्हावं म्हणून वाजवतातच तसं. पण इतर बायका वाजवतात ते नुसतं ठणठण. मावशीच्या हाताला इतक्या वर्षांत दुसरं काही येतच नव्हतं. हात आपला चालला. दोन जोडून, एक सुटा. दोन जोडून, एक सुटा.

मी रडले. आणि भिकाकाकाची बोट खडपावर आली.

बोटीवर दोघंच होते. काशिनाथ नावाचा तरुण खलाशी पोहत, खडकांनी अंग सोलवटून, आमच्या परसात येऊन पडला. भिकाकाका दुसऱ्या दिवशी सापडला, वरोरच्या अंगाला. वाडीने एका दमात ठरवून टाकलं की भिकाला ताट ऐकू आलंच नव्हतं. लाटांचा आवाज, त्यात इंजिन चालू असणार, अंदाज चुकला. कोणी विचारायच्या आधीच माणसं मावशीला हे सांगायची. आणि काशिनाथ? तो काहीच बोलला नाही. बरा झाला आणि वाडी सोडून वर कोसबाडकडे गेला, कोणाच्या चिकूच्या बागेत कामाला राहिला. समुद्राचं नाव काढलं नाही परत.

मला हे कळलं ते नळावर. माझी शाळेतली वर्षं, पाणी कमी आलेलं, हंड्यावरून हातघाई. एक बाई मला म्हणाली, "तू तर जन्मतानाच माणूस खाऊन आलीयस." मी हंडा तिथेच टाकला आणि तडक मावशीच्या घरी गेले. ती बोंबील उलटत होती. मी रडत रडत विचारलं, खरं का? तिने हात पुसले, माझा पंजा उचलला, आणि स्वतःच्या अंगठ्याशी लावून म्हणाली, "तेव्हा तुझा हात एवढा होता, ह्या नखाएवढा. ताट तू वाजवलंस का? सांग, वाजवलंस का?" मी मान हलवली. "मग? ज्याने वाजवलं तो त्याचं बघून घेईल. जा, हंडा घेऊन ये, नाहीतर तोही जाईल." त्या बाईच्या घरी जाऊन मावशी काय बोलली ते मला माहीत नाही. पण ती बाई पुढे लग्न होऊन मी वाडीतून जाईपर्यंत माझा हंडा आधी भरू द्यायची.

भिकाकाकाची तिथी म्हणजे माझा वाढदिवस. त्या दिवशी मावशी खीर करायची. पान वाढून घराबाहेर ठेवायच्या आधी ती मला हाक मारायची आणि पहिली वाटी मला द्यायची. आई घाबरायची. "अगं हिराबाय, आधी त्याचं पान ठेव, कावळा शिवू दे." मावशी म्हणायची, "कावळा थांबेल. पोर थांबत नाही." मी खायचे, पण खरं सांगते, ती खीर कधी सरळ घशाखाली गेली नाही. त्या खिरीला तिसरा कोणीतरी वाटेकरी आहे, तो दारात उभा राहून माझं होण्याची वाट बघतोय, असं वाटायचं. अजून खिरीचा वास आला की मी दाराकडे बघते. नवरा म्हणतो, कोण येणारंय? काय सांगू त्याला!

ह्या बाईला सगळे दुःखी समजत असतील तर ते तिला भेटलेच नाहीत. बाजाराच्या दिवशी ती सुके बोंबील आणि जवळा गाठोड्यात बांधून कासाला जायची. शेअर जीपमध्ये मावशी चढली की निम्मी जीप खिडकीकडे सरकायची. मी एकदा बरोबर होते. एक इस्त्रीच्या शर्टातला माणूस रुमाल नाकाला लावून बसला. चारोटी यायच्या आधी मावशी त्याला म्हणाली, "दादा, नाक धर, पण मधे मधे सोडत जा. ह्या गर्दीत तुला खाली उतरवून वारा घालायला मला आता जमणार नाही." सगळी जीप हसली, तोही हसला, आणि उतरताना पाव किलो बोंबील घेऊन गेला.

कासाच्या बाजारात डोंगराकडच्या बायका तिच्याभोवती बसायच्या. त्या नाचणी द्यायच्या, ही जवळा द्यायची. दोन्हीकडच्या बोली तिला येत, त्यात गुजराती घालायची, आणि हिशोबापेक्षा गप्पाच जास्त. एकदा तलासरीकडची एक म्हातारी तिला म्हणाली, "मी कधी समुद्र बघितला नाही गं. कसा असतो?" मावशी नाचणी पदरात भरत होती. म्हणाली, "मोठा आहे. आणि ठार बहिरा आहे." एवढंच. मग तिने जवळ्याची एक मूठ म्हातारीला जास्त घातली.

होमस्टे आले तेव्हा तर तिने कहरच केला. थंडीत मुंबईची माणसं शनिवार-रविवार गाढ झोपायला इथे येतात, आणि भल्या सकाळी बनातून परात! मालक प्रितेशभाई, माणूस चांगला, तिच्याकडे आला. हात जोडून म्हणाला, "मासी, गेस्ट लोक सुतेला असतात. जरा धीरे वगाडो ने." मावशी म्हणाली, "चालेल. मी धीरे वाजवते, तू बोटवाल्यांना सांग, धीरे बुडा." प्रितेशभाई हसत परत गेला. पुढे तर त्याने पाहुण्यांना सांगायला सुरुवात केली, की आमच्याकडे अशी अशी बाई आहे, बघायला चला. माणसं मोबाईल घेऊन बनात उभी राहायची. मावशी त्यांच्याकडे पाठ करायची. एक मुलगी फार गोड होती, तिने विचारलं, "आजी, तुम्ही हे कोणासाठी वाजवता?" मावशी म्हणाली, "आत्ता गप्प बस बाय, ऐकू दे." पुढे मला म्हणाली, "प्रश्न बरोबर होता पोरीचा. पण वेळ चुकीची होती."

मग बोटींवर यंत्रं आली. कुठला खडक कुठे, सगळं पडद्यावर दिसायला लागलं. एका तरुण नाखव्याने कौतुकाने तिला बोटीत नेऊन दाखवलं. "मावशी, आता तू आराम कर. हे बघ, इथे खडप, इथे वाट." तिने तो पडदा नीट बघितला, बोट खडपावर टेकवलं, आणि म्हणाली, "छान आहे. पण हे हाक मारतं का तुला?" तो हसला. पुढे एका धुक्याच्या सकाळी ती तापाने पडून होती, परात वाजली नाही. त्याच नाखव्याचा समुद्रावरून फोन. "मावशी, बरी आहेस ना? आवाज नाही तुझा. आत येऊ की नको, कळेना." यंत्र चालू होतं, वाट दिसत होती, तरी गडी खाडीबाहेर थांबून राहिला होता! मावशी फोनवर त्याला शिव्या घालत होती आणि डोळे पुसत होती.

पण एक गोष्ट तिला खात होती, आणि ती आम्हां सगळ्यांना माहीत होती. मी डहाणूला दुकान टाकलं तेव्हापासून, वाडीत गेले की ती जेवायला वाढता वाढता विचारायची, "काश्या दिसला का गो बाजारात?" मी म्हणायचे, दिसला. "काही बोलला?" नाही मावशी. "बरं. भात घे." काशीकाका बाजारात दिसायचा तो खरंच, चिकूच्या पेट्यांबरोबर टेम्पोत. मला बघितलं की मान फिरवायचा. एकदा मावशी माझ्याबरोबर होती, तर तो टेम्पोतून उतरलाच नाही, ताडपत्री ओढून आत बसून राहिला. उन्हात. मावशी लांबून त्या ताडपत्रीकडे बघत राहिली.

भिकाने माझा हात ऐकला होता का, एवढंच तिला काशिनाथकडून हवं होतं. आणि आम्ही सगळे देवाकडे मागत होतो, की त्याने कधी बोलू नये. ऐकला होता असं निघालं, तर मावशी जगणार कशी? नवऱ्याला आपल्याच हाताने खडपावर बोलावलं, हे घेऊन कोणी बाई जगते का? धुक्याच्या सकाळी तिला परात वाजवताना बघून मला वाटायचं, ही त्या एका सकाळची परतफेड करतेय, आणि ती कधी फिटणार नाही. तिचे ठोके ऐकू आले की मला माझंच रडणं ऐकू यायचं.

गेल्या हिवाळ्यात तिला दम लागायला लागला. परात उचलवेना. मी दुकान बहिणीकडे सोपवून तिच्याकडे राहायला गेले. एक दिवस ओट्यावर बसली होती, म्हणाली, "काश्याला घेऊन ये. मी काही आता फार दिवस नाही. त्याने एकदा तोंड उघडावं." मी म्हटलं, "मावशी, कशाला उकरून काढतेस?" तिने स्कूटीची चावी माझ्या हातात ठेवली. मी स्कूटी काढली.

काशीकाका बागेत झाडाखाली बसला होता. म्हातारा झालाय पार. मी निरोप सांगितला. वाटलं, नाही म्हणेल. तो बराच वेळ माती चिवडत राहिला, मग उठून सदरा घातला. स्कूटीवर मागे बसून म्हणाला, "काय सांगायचं ते मी ठरवलंय. तू घाबरू नको." वाडीजवळ आल्यावर वाऱ्याबरोबर सुक्या मासळीचा वास आला, तर त्याने माझा खांदा घट्ट धरला.

दुपार होती. मावशीने त्याला बसवलं, मला चहा टाकायला सांगितलं. ख्यालीखुशाली काही नाही. "काश्या, त्याने ऐकलं होतं का रे?"

काशीकाकाने सांगून टाकलं, पाठ केल्यासारखं. "नाही हिराबाय. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. इंजिन चालू होतं. भिकाभाऊने अंदाजाने बोट घातली, आणि गेली खडपावर. तुझ्या ताटाचा काही संबंध नाही. तू उगाच जिवाला लावून घेतलंस इतकी वर्षं."

मी चुलीपाशी होते. मी सुटले एकदाची, असं वाटलं मला. मावशी सुटली आणि मीही सुटले. आनंदाने वळून तिच्याकडे बघितलं, तर तिचा चेहरा पडला होता. इतक्या वर्षांत तिला चिडलेली बघितलं, थकलेली बघितलं, पण अशी नाही. एखादीला आत्ताच्या आत्ता बातमी कळावी, की तुझा नवरा गेला, तशी ती बसली होती.

"म्हणजे माझा आवाज त्याच्या कानावर पडलाच नाही?" ती म्हणाली. "त्या धुक्यात एकटाच गेला तो?"

काशीकाका गडबडला. "अगं, पण मग तुझा दोष..."

"दोषाचं कोण विचारतंय तुला? दोष माझाच आहे. तो मी त्याच दिवशी पदरात बांधला, तो सोडवायला तुला बोलावलं नाही मी. मला एवढंच पाहिजे होतं की तो माझ्या आवाजाकडे येत होता. नुसता खडकावर नाही जात होता. माझ्याकडे येत होता. तेही नाही म्हणतोस?" आणि मावशी रडली. मोठ्याने, लहान पोरीसारखी.

काशीकाकाने हातातला कप खाली ठेवला. "हिराबाय, मी खोटं बोललो," तो म्हणाला. "वाडी बोलते तेच बोललो. इंजिन बंद होतं. तुम्हीच तर शिकवलेलं, धुक्यात इंजिन बंद करायचं. दोन आवाज येत होते. बनातून परात वाजत होती, कशीतरी, वेडीवाकडी. आणि खडपाच्या बाजूने तू. ताट होतं, पण हात तुझा होता. मी म्हटलं, भाऊ, बनातला आवाज बरोबर आहे, वाट तिकडे आहे. तर भाऊ हसला. म्हणाला, 'तिकडे कोणीतरी हौशी बडवतंय. ही बघ, ही माझी हिरा. हिच्याकडे घे.' मी परत म्हटलं. तर म्हणाला, 'काश्या, तुझं लग्न झालं की तुला कळेल.' आणि सुकाणू त्यानेच वळवलं."

बाहेर वलांडीवर कावळे ओरडत होते.

"हसला?" मावशीने विचारलं.

"हसला. गालात तंबाखू होती. तसाच हसत होता, बोट लागेपर्यंत."

"परत सांग. काय म्हणाला ते परत सांग."

काशीकाकाने परत सांगितलं. तिने तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मग पदराने तोंड पुसलं, त्याच्या कपाकडे बघितलं आणि मला म्हणाली, "ह्याचा चहा गार झाला. दुसरा टाक गो. आणि साखर जास्त घाल, हा लहानपणापासून गोड्या तोंडाचा आहे."

आम्ही सगळ्यांनी मिळून जिला इतकी वर्षं जपलं, तिला काय हवं होतं ते आम्हांला कळलंच नव्हतं. थांबून ऐकणं आम्हांला येत नव्हतं, दुसरं काय!

ती गेली त्याबद्दल मी काही सांगत नाही. माणसं जातात तशी गेली, सकाळी उठली नाही. मला ती दिसते ती त्याच्या आधीची, काशीकाका येऊन गेल्यावर आलेल्या पहिल्या धुक्यातली.

सकाळी मला हलवून म्हणाली, "ऊठ. परात घे." मी म्हटलं, "बनात मी जाते, तू पडून राहा." तर म्हणाली, "बनात नाही. तुझ्या घराशी." आमचं घर आता नाही. समुद्राने खाल्लं ते, बाबा आतल्या बाजूला राहायला गेले. जोत्याचे चार दगड तेवढे उरलेत खडपाच्या वर. मी म्हटलं, "मावशी, तिथून वाजवलं तर बोटी..." "ओहोटी आहे. बोटी बाहेरच थांबल्यात, मी फोन करून सांगितलंय सगळ्यांना. पाणी लांब गेलंय, मी काही बुडत नाही. चल."

तिला धरून जोत्यापर्यंत नेलं. मला तिथे उभं केलं, दांडका हातात दिला. "दोन जोडून, एक सुटा. मग थांब. घाई करू नको." आणि माझा हात सोडून, काठी टेकत, ती खडकांच्या कडेने खाली ओल्या वाळूवर उतरली. मी म्हटलं, "मावशी, लांब जाऊ नको." ती वळली नाही. माकडटोपी दिसत होती, मग तीही धुक्यात गेली.

आतून आवाज आला, "वाजव."

मी वाजवलं. दोन जोडून, एक सुटा. थांबले. काही नाही. पाण्याचा आवाजसुद्धा नाही. परत वाजवलं. परत थांबले. त्या गप्प धुक्यात मला जे जे वाटलं ते सगळं नाही सांगता येणार. भिकाकाका खाली उभा आहे असं वाटलं. मी अजून जन्मलेच नाहीये असं वाटलं. "मावशी!" मी ओरडले.

"हाका मारू नको, वाजव!" लांबून, चिडून.

मी वाजवत राहिले. किती वेळ कोण जाणे. मग काठीचा खडकावर टक् असा आवाज आला. मग जवळ. धुक्यातून ती वर येत होती, डोळे मिटलेले, एक हात पुढे, पायाने खडक चाचपत, आवाजाच्या रोखाने सरळ माझ्याकडे. मी वाजवायची थांबले तर तीही थांबली, मान वाकडी करून. परत वाजवलं तशी निघाली. तोंडावर हसू होतं. गालात काहीतरी धरून हसतात तसं.

येऊन तिने हात परातीवर ठेवला. परात थरथरत होती ती शांत झाली. मग डोळे उघडून इकडे तिकडे बघितलं, खडप बघितलं, आमच्या जोत्याचे दगड बघितले.

"मीपण इकडेच आले असते गो," ती म्हणाली.